‘बोत’ आणि ‘वाताशय’

विरारच्या पश्चिमेस अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलांना घोळ मासा चिरताना पाहण्याचा प्रसंग येतो. त्याच्या पाठीच्या कण्याखाली एक पांढरी, चिवट पिशवी असते. मासेमारीच्या व्यवसायात तिला ‘बोत’ म्हणतात. ती वाळवून परदेशी पाठविली जाते आणि तिला मोठी किंमत येते. शास्त्राच्या पुस्तकात हाच अवयव ‘वाताशय’ या नावाने येतो. ही दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत, हे वर्गात सांगितले नाही, तर घरी जे मूल जाणते तेच शाळेत परके समजून घोकीत बसते.

प्रथम शब्दाची फोड करावी. ‘वात’ म्हणजे वायू व ‘आशय’ म्हणजे राहण्याचे स्थान. पाणी साठते तो जलाशय, पित्त साठते ते पित्ताशय. त्याचप्रमाणे वायू साठतो ते वाताशय होय. पापडखिंडीचा जलाशय मुलांनी पाहिला असल्यास तेथूनच आरंभ करावा.

नंतर कार्य सांगावे. बूच लावलेली रिकामी बाटली पाण्यावर तरंगते, पाण्याने भरलेली बुडते. आत थोडेथोडे पाणी घालीत गेल्यास ती मध्येच अधांतरी राहू शकते. वाताशयातील वायू कमीअधिक करून मासाही असाच फारसे श्रम न करता पाण्यात स्थिर राहतो. घोळीच्या कुळातील मासे वाताशयालगतचे स्नायू कंपित करून ढोलासारखा आवाजही काढतात.

सर्वच माशांना हा अवयव नसतो. बोंबील व मुशी यांच्या पोटात तो आढळत नाही. ‘कोणत्या माशात बोत असते व कोणत्यात नसते?’ हा प्रश्न मुलांना घरी विचारून येण्यास सांगावे.

‘बोत’ हा शब्द अशुद्ध ठरवून मुलास गप्प करू नये. वाळविलेल्या वाताशयापासून होणाऱ्या सरसास इंग्रजीत ‘आयझिंग्लास’ म्हणतात. तो शब्दही स्टर्जन माशाच्या पिशवीस असलेल्या जुन्या डच नावाचा अपभ्रंश आहे. वस्तू हाताळणाऱ्यांच्या तोंडचा शब्द असाच कोशात जातो. म्हणून फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत. आधी मुलाचा, मग पुस्तकाचा.