खेळांतील नाणें आणि खरा जुगार

“नाणें खोटें, मग जुगार खरा कसा?” असें आमच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारिलें. प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर आम्ही एका उदाहरणानें देतों.

आइसलंड देशांतील सीसीपी या कंपनीनें २००३ सालीं ‘ईव्ह ऑनलाइन’ नांवाचा अवकाशयुद्धाचा खेळ सुरू केला. त्यांत हजारों खेळाडू एकाच विश्वांत व्यापार करितात, जहाजें बांधितात व लढतात. तेथील चलनास ‘इस्क’ म्हणतात. कांहीं खेळाडूंनीं खेळाबाहेर संकेतस्थळें काढून या चलनावर सोडती व पैजा चालविल्या. पैजा लावणारे बहुधा हरत. चालक मात्र गबर होत गेले. २०१६ सालीं अशा चालकांनीं भाडोत्री सैन्यें पोसून एका बलाढ्य संघास त्याच्या प्रदेशांतून हांकून लाविलें. ज्यांनीं कधीं पैज लाविली नव्हती, त्यांचीं वर्षानुवर्षें श्रमून उभारलेलीं ठाणींही गेलीं. शिवाय हें चलन चोरून खऱ्या पैशांस विकल्याचे प्रकार उघडकीस आले. तेव्हां त्याच वर्षाच्या नोव्हेंबरापासून कंपनीनें असल्या जुगारास नियमानें बंदी केली.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. जें मिळविण्यास वेळ व श्रम लागतात, आणि ज्यास गिऱ्हाईक मिळतें, तें नाणें खोटें नव्हे. तसेंच, जुगाराचें नुकसान जुगाऱ्यापुरतें राहत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, “हीं तर खेळांतलीं नाणीं” असें कोणी म्हणाल्यास, तीं कोठें विकलीं जातात हें आधीं विचारा. पालकांनींही हाच प्रश्न मुलांस न रागावतां विचारावा.