पावसातली कयाक, गळ आणि पायाच्या चिखल्या

पाऊस स्थिरावला की पुण्या-पिंपरीचे हौशी मासेमार सुट्टीच्या दिवशी पहाटेच गाडीच्या टपावर कयाक बांधून पवनेकडे नाहीतर मुळशीकडे निघतात. रिमझिमीत मासा गळाला चांगला लागतो, असं ही मंडळी सांगतात. त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. मी बोलणार आहे ते त्यांच्या पायांविषयी.

बुडण्याची भीती सगळ्यांनाच असते, आणि ती असावीच. मे 2024 मध्ये उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचे प्राण गेले. कयाक तर त्याहून किती हलकी! म्हणून लाइफ जॅकेट अंगावर हवं, पट्टे आवळून. बैठकीखाली घडी घातलेलं नको. पोहता येतं ही सबब इथे चालत नाही.

आता पाय. उघड्या कयाकच्या तळाला भोकं असतात, त्यातून पाणी वर येत राहतं. वरून पाऊस, आणि काठावर कयाक ओढताना घोटाभर चिखल. चार-पाच तासांत बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, फुगीर होते आणि सोलवटायला लागते. ज्यांना आधीच चिखल्या आहेत त्यांच्या बेचक्यात बारीक लाल भेग दिसते. लेप्टोस्पायरा या जंतूला शरीरात शिरायला एवढी भेग पुरते.

उंदीर, घुशी, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या मूत्रातून हा जंतू बाहेर पडतो आणि पाऊस काठावरचं सगळं धुऊन तळ्यात आणून सोडतो. त्याचा आजार, म्हणजे लेप्टो, मुंबईकरांना 26 जुलै 2005 च्या पुरानंतर चांगलाच ओळखीचा झाला. त्यामुळे हा शहरातल्या तुंबलेल्या पाण्याचा आजार, असा समज रुजला. तो खोटा आहे. सिंधुदुर्गात भाताच्या खाचरात राबणाऱ्यांनाही तो होतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या लेक स्प्रिंगफील्ड या तळ्यात 1998 साली ट्रायथलॉन झाली. आधी जोरदार पाऊस पडून गेला होता. नंतर सुमारे शंभर स्पर्धक आजारी पडले, आणि ज्यांच्या पोटात तळ्याचं पाणी गेलं त्यांना धोका अधिक असल्याचं तपासात दिसलं. तेव्हा ‘धरणाचं पाणी स्वच्छ’ म्हणून ओंजळीने तोंडात घेऊ नका.

उपाय साधे आहेत. अनवाणी उतरू नका, पाण्यात चालणारे बंद बूट घाला. खरचटलं असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा. घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन बेचके कोरडे टिपा. बरेच जण टिपायचंच विसरतात. चिखल्या झाल्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत काठावरूनच गळ टाका. आणि औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम परस्पर आणू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग चिखल्यांची बुरशी दुप्पट जोमाने पसरते. मधुमेह असेल तर पायाची छोटी जखमही दाखवूनच घ्या. वारंवार अशा पाण्यात जाणाऱ्यांना काही वेळा डॉक्सिसायक्लिन ही प्रतिबंधक गोळी देतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ती चालत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे बोटात रुतलेला गळ. पावसात हात गारठतात, ओली दांडी निसटते आणि गळ मासळीऐवजी माणसालाच लागतो. त्याच्या टोकाला उलटा काटा असतो, त्यामुळे मागे हिसकलात की मांस फाटतं. तंगूस कापा, गळ हलणार नाही असा बांधा आणि दवाखाना गाठा. डोळ्यात गेला असेल तर हातही लावू नका. वर कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टीने बसवा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. अशा मळक्या जखमेसाठी, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर ते पुन्हा घ्यावं लागतं. शिंगाळ्याचा काटा टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. दुसऱ्या दिवशी लाली आणि सूज वर सरकताना दिसली तर थांबू नका.

विजेबाबत घासाघीस नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडेही होत नसतील तर पाण्याबाहेर या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा उतरू नका. उघड्या तळ्यावर सगळ्यात उंच तुम्ही आणि तुमची दांडी. त्यात कार्बनची दांडी वीज वाहून नेते. झाडाचा आडोसा नको, टप असलेल्या बंद गाडीत बसा.

‘थंडीवर उतारा’ म्हणून बाटली नेणाऱ्यांना एवढंच सांगतो, की दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब वाटते, पण अंगातली उष्णता बाहेरच जाते. थर्मासमधला चहा आणि कोरडा सदरा जास्त उपयोगी.

लेप्टोची लक्षणं बहुधा आठवडा-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याभरानेही दिसतात. तोवर सहल विसरलेली असते. एकाएकी चढलेला ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि हात लावला तरी कळवळायला लावणाऱ्या पोटऱ्या ही त्याची खूण. डोळे पिवळे दिसले, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर सरळ रुग्णालयात जा. एरवीही ‘व्हायरल असेल’ म्हणून तापाच्या गोळीवर दिवस काढू नका आणि डॉक्टरांसमोर बसलात की पहिल्या वाक्यातच सांगा, ‘मी महिन्याभरात तळ्यावर मासे धरायला गेलो होतो.’