दुसऱ्याचा कागद

चि. बाळास,


तू गावातल्या सेवा केंद्रात बसायला लागलास, हे ताईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. मी ३० वर्षं तलाठी म्हणून दप्तर सांभाळलं. हातानं सातबारा लिहून, सही-शिक्का मारून द्यायचो. आता तोच उतारा तू ब्राउझरमधून काढून देणार. म्हणून अनुभवाच्या दोन गोष्टी लिहितो.

उतारा मागणाऱ्याला आधी विचार, ‘कशाला हवाय?’ भूलेखवर फुकट दिसतो तो सातबारा नुसता माहितीपुरता. बँकेत कर्जासाठी द्यायचा तर महाभूमीवरचा डिजिटल सहीचा हवा, त्याला १५ रुपये पडतात. पैसे भरल्यावर काहीच उघडलं नाही, तर घाईनं पुन्हा भरू नकोस. पुष्कळदा ब्राउझरनं नवी खिडकी अडवलेली असते. पत्त्याच्या पट्टीत तशी खूण दिसते, तिथं परवानगी दे. आणि पीडीएफ टॅबमध्ये दिसली म्हणजे काम झालं असं समजू नकोस. टॅब मिटला, लॉगिनची मुदत संपली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाणाच्या खुणेवरून फाईल आधी उतरवून घे, उघडून सगळी पानं आलीत का बघ, मगच छाप.

ई-आधारवर सहीपाशी प्रश्नचिन्ह दिसलं, तर सही खोटी आहे असं सांगून माणसाला घाबरवू नकोस. ब्राउझर ती सही तपासत नाही. फाईल ॲडोब रीडरमध्ये उघड, सही तपासून घे, हिरवी खूण आली की मग प्रिंट काढ. नाहीतर त्या प्रश्नचिन्हापायी बिचाऱ्याला बँकेतून परत यावं लागेल.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते. गेल्या वर्षी एका केंद्रात मी माझं आधार काढायला गेलो होतो. तिथल्या मुलानं माझी फाईल शोधायला डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. त्यात कितीतरी लोकांची आधार कार्डं, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं पडलेली. मुलगा वाईट नव्हता, कामाच्या रेट्यात पुसायचं राहून गेलेलं. पण मी रात्रभर अस्वस्थ होतो.

आधारच्या फाईलला पासवर्ड असतो, या भरवशावर राहू नकोस. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो पासवर्ड. गावात कुणाचं नाव आणि साल कुणाला ठाऊक नसतं? ब्राउझरच्या यादीतून नाव काढलं तरी फाईल फोल्डरमध्ये राहतेच. इनकॉग्निटो खिडकीतून उतरवलेलीसुद्धा ती खिडकी मिटल्यावर तिथंच असते. ती हातानंच पुसावी लागते, आणि साधी डिलीट केली तर रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. शिफ्ट दाबून डिलीट कर. व्हॉट्सॲप वेबवरून कुणाचा कागद घेतलास, तर त्याच्यासमोरच लॉगआउट हो. आणि जिथं चालत असेल तिथं पहिले ८ आकडे झाकलेलं आधार काढून दे.

हे सगळं माणूस समोर असताना कर. ‘काका, तुमचा कागद इथून पुसला बघा,’ असं म्हणून पडदा त्यांच्याकडे वळव. अंगठा उठवणाऱ्या म्हातारीलासुद्धा दाखव. तिला संगणकातलं काही कळणार नाही, पण आपल्या कागदाची कुणीतरी काळजी घेतली, हे नक्की कळेल. माझ्याकडे लोक जमिनीचे कागद ठेवून निर्धास्त घरी जायचे. तो विश्वास मला पगारापेक्षा मोठा वाटे.

दिवाळीत येईन तेव्हा पहिल्यांदा केंद्रावर येईन आणि तुझं डाउनलोड्सचं फोल्डर बघेन. ते रिकामं असेल, याची मला खात्री आहे.

तुझा,
मामा