अंतर भूगोलाचे, वेळ व्यवस्थेची

नकाशावाचनाच्या तासाला आम्ही वर्गापुढे एक उदाहरण ठेवत आलो आहोत. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळापर्यंत हवाई अंतर किती आणि विमानास वेळ किती लागेल? अनेक माजी विद्यार्थ्यांना ते स्मरत असेल.

नागपूरचा विमानतळ २१.०९ उत्तर अक्षांश व ७९.०५ पूर्व रेखांशावर आहे, चिकलठाण्याचा १९.८६ व ७५.४० वर. म्हणजे अक्षांशांत फरक १.२३ अंशांचा, रेखांशांत ३.६५ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. त्यामुळे आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरांचाच भरतो. यावरून काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू १३७ व ३८० किलोमीटर मिळतात. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढला की उत्तर येते सुमारे ४०४ किलोमीटर.

आता वेळ. पंख्याचे लहान प्रवासी विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार सांगतो ४८ मिनिटे. परंतु वर चढताना व खाली उतरताना हा वेग नसतो. धावपट्टीची दिशा पाहून वळसाही घ्यावा लागतो. म्हणून सुमारे एक तास धरावा. वाराही हिशेबात घ्यावा. हिवाळ्यात उंचावर वारे पश्चिमेकडून वाहतात. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर ४८ मिनिटांची ५५ होतात. पाठीशी असेल तर ४३.

इथवर गणित झाले. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एवढाच वेळ लागतो, तर माझ्या वडिलांची मला भेटायला येताना अख्खी रात्र का जाते?" त्या प्रश्नाने आमचा पाठ पुढे नेला.

दोन विमानतळ असले म्हणजे त्यांच्यात विमान असतेच असे नाही. थेट सेवा नसेल आणि मुंबईमार्गे जावे लागले, तर ४०४ किलोमीटरांचे साडेनऊशेहून अधिक होतात. थांबण्याचा वेळ वेगळाच. शिवाय तिकीट परवडले पाहिजे. ही उणीव ओळखूनच केंद्र शासनाने 'उडान' योजना आणली. २०१७ मध्ये तिची उड्डाणे सुरू झाली, तेव्हा सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी विमानातील काही आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवले होते.

इतिहासही हेच सांगतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने रात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्या विमानांचा वेग आजच्याहून कमी होता; तरी पत्र एका रात्रीत देशाच्या दुसऱ्या टोकास पोहोचे, कारण व्यवस्था तशी आखलेली होती.

अंतर भूगोल ठरवतो. वेळ मात्र माणसांनी उभारलेली व्यवस्था ठरवते. आमच्या विद्यार्थ्यांनी अंतर अचूक मोजावे आणि मग विचारावे, की हा वेळ कोणासाठी कमी झाला आणि कोणासाठी अद्याप व्हायचा आहे. त्या मुलाचे वडील आजही रात्रीच्या एस.टी.नेच येतात.