सीडी गेली, परवाना शाबूत आहे

जुन्या सॉफ्टवेअरची सीडी चालेनाशी झाली की पैसे पुन्हा भरावे लागतात का, असे विचारणारी पत्रे लातूर-नांदेडकडून आली आहेत. त्यांपैकी तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात.

प्रश्न : गंजगोलाई भागात आमची आडत आहे. दुकानाचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर टॅली टाकायला घेतले तर सीडी अर्ध्यातच अडकते. जिथून घेतली ते दुकान आता राहिले नाही. दुसरा विक्रेता म्हणतो, नवीनच घ्या. एकदा पैसे भरलेले असताना पुन्हा का भरायचे?
— एक व्यापारी, लातूर

उत्तर : बहुतेक वेळा भरावे लागत नाहीत. व्यापाऱ्याने पैसे मोजलेले असतात ते परवान्याचे. ‘इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी निकाल दिला. वाद होता परदेशी कंपन्यांना दिलेल्या रकमेवर कर कापायचा की नाही याचा. पण तयार सॉफ्टवेअर घेणाऱ्याला कॉपीराइट मिळत नाही, परवान्याच्या अटींत राहून ते वापरण्याची मुभा मिळते, हे त्यात स्पष्ट झाले. सीडीवर ओरखडे पडले म्हणून ही मुभा संपत नाही.

टॅलीचे सेटअप कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. लागतो तो सिरियल नंबर आणि नोंदणीचा ई-मेल. गाडी अडते ती या ई-मेलपाशी. अनेक ठिकाणी विक्रेत्याने नोंदणी करताना स्वतःचाच पत्ता घातलेला असतो. दुकान बंद झाले की तो पत्ताही गेला. अशा वेळी पक्के बिल, सिरियल नंबर आणि फर्मच्या ओळखीचा कागद जोडून नोंदणीचा पत्ता बदलून द्यावा, अशी लेखी मागणी थेट कंपनीकडे करावी. मात्र सेटअप उतरवताना आपला परवाना ज्या आवृत्तीचा आहे तीच घ्यावी. नवी आवृत्ती हवी असेल तर तिचे पैसे वेगळे, आणि तो खर्च करायचा की नाही हे व्यापाऱ्याने ठरवायचे.

सीडीपेक्षा मोठी काळजी जुन्या हार्ड डिस्कची. सीडीत फक्त सॉफ्टवेअर असते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उधारी, खरेदी-विक्रीची खाती हे सगळे बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्येच आहे. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारण्याआधी डेटाचे फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घ्यावे. जीएसटी कायद्याच्या ३६व्या कलमाप्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, आणि ‘कॉम्प्युटर बिघडला’ हे कारण तिथे चालत नाही.

प्रश्न : वजिराबादेत माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचे काम अजून पेजमेकर व श्रीलिपीवरच चालते. पेजमेकरच्या सीडीवर चरे पडलेत. श्रीलिपीचे डोंगल आहे, सीडी सापडत नाही. मित्राच्या सीडीवरून टाकले तर चोरी ठरते का? नेटवर फुकट मिळते ते घ्यावे का?
— एक डीटीपी चालक, नांदेड

उत्तर : आधी सीडी खरेच गेली आहे का ते पाहावे. ती बल्बसमोर धरावी. चंदेरी थरातून टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला, तर त्या जागेवरची माहिती गेलीच. सीडीचा हा थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून चकचकीत बाजूपेक्षा नाव छापलेल्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. चकचकीत बाजूचे चरे मात्र वरवरच्या प्लास्टिकवर असतात. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसावे, गोल फिरवून पुसू नये. मग दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसरा ड्राइव्ह कधी कधी वाचतो. एकदा वाचली गेली की लगेच तिची आयएसओ प्रत हार्ड डिस्कवर काढून ठेवावी.

ही प्रत काढणे कायदेशीर आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(कक) नुसार सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढता येते. अट इतकीच, की ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. ती विकता येत नाही, शेजारच्या दुकानाला देता येत नाही.

मित्राच्या सीडीचा प्रश्न थोडा अवघड आहे. कलमाची भाषा स्वतःकडच्या प्रतीवरून प्रत काढण्याची आहे, दुसऱ्याच्या प्रतीची नाही. तीच आवृत्ती आणि स्वतःचा सिरियल नंबर असेल तर चालकाची बाजू भक्कम राहते, पण आधी परवान्याच्या अटी वाचाव्यात. मित्राचाच नंबर टाकला, तर एका परवान्यावर दोन दुकाने चालली. ते मात्र उल्लंघनच.

नेटवरची ‘क्रॅक’ प्रत घेऊच नये. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरली, तर कलम ६३ब खाली ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. डीटीपीच्या दुकानाला ही सवलत मागता येणार नाही.

कंपनीने स्वतःहून दिलेले सेटअप ही गोष्ट वेगळी. पेजमेकर बनवणाऱ्या अडोबीने डिसेंबर २०१२ मध्ये क्रिएटिव्ह सूट २ चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले आणि जुन्या ग्राहकांची अडचण होऊ नये म्हणून अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारे सेटअप उपलब्ध करून दिले. सॉफ्टवेअर फुकट झाले अशी बोंब जगभर उठली. ज्यांनी ते पूर्वी विकत घेतले होते त्यांच्यासाठीच ही सोय आहे, असा खुलासा कंपनीला करावा लागला. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. तिला ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन नव्हते, त्यामुळे सिरियल नंबरचा कागद हाच तिथे आधार.

श्रीलिपीचे डोंगल हाती आहे हा मोठाच दिलासा, कारण परवान्याची खूण तेच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडे डोंगलवरचा क्रमांक व बिल पाठवून सेटअपची मागणी करावी. सोबत आणखी एक काम उरकावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नुसता अक्षरांचा खिचडा दिसतो. गिऱ्हाइकांच्या नेहमीच्या फाइल पीडीएफ करून आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा.

प्रश्न : मुलीच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेतला. दुकानदाराने ऑफिसचे पैसे बिलात वेगळे लावले आणि मार्करने नाव लिहिलेली सीडी दिली. ती आता चालत नाही, तो बदलूनही देत नाही.
— एक पालक, लातूर

उत्तर : मार्करने नाव लिहिलेली कोरी सीडी आणि सोबत परवान्याचा कागद नाही, म्हणजे मुळात अस्सल माल मिळालाच नसण्याची शक्यता दाट आहे. त्या सीडीची बदली मागू नये. अस्सल परवाना किंवा पैसे परत मागावेत.

सीडीवर भरून बाजारात विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’च आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या विक्रीकराच्या खटल्यात म्हटले आहे. पालकाने दुकानदाराला लेखी नोटीस द्यावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी. निव्वळ व्यापारासाठी केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही. स्वतः राबून पोट भरणाऱ्याची खरेदी बसते. म्हणजे वरच्या डीटीपी चालकाला हा दरवाजा उघडा आहे, आडतीच्या फर्मला तो सहसा बंद.

या विषयावर पुढे प्रश्न पाठवणाऱ्यांनी सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, खरेदीचे वर्ष आणि पक्के बिल आहे की नाही, एवढे जरूर लिहावे. सिरियल नंबर पत्रात लिहू नये.