घोडा बुजतो तेव्हा चूक कोणाची? राइडचा धंदा सुरू करण्याआधी हे वाचा

घोड्याच्या राइडचा धंदा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, घोडा केवढ्याला पडेल?" भाव सारंगखेड्याच्या बाजारात कळेलच. पण घोड्याबरोबर त्याचा मेंदूही घरी येतो, आणि त्याच्या भरवशावर तुम्ही गिऱ्हाइकाचं पोर पाठीवर बसवणार आहात.

घोडा ही मुळात शिकार होणारी जात. प्लास्टिकची पिशवी फडफडली की त्याचा मेंदू आधी पळायला सांगतो, बघायचं नंतर. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त नाकासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाऊ नका. खांद्याच्या बाजूने, आवाज देत जा.

आता लगामाकडे या, कारण पैसे इथेच बुडतात. लगाम ओढल्याने घोडा शिकत नाही, तो शिकतो हात सैल होतो त्या क्षणी. थांबला की लगेच सैल सोडा. दोन-तीन सेकंद उशीर केलात आणि तेवढ्यात त्याने मान झटकली, तर तो मान झटकायलाच शिकला! पुलाजवळ अडला म्हणून मागे फिरवलात, तर उद्या तो अलीकडेच अडेल. त्यापेक्षा शांत उभा राहतो तिथे थांबा, एक पाऊल पुढे घ्या, टाकलं की सैल सोडा, हुंगू द्या. आणि घरी आणून मारणं तर शुद्ध मूर्खपणा. तो मार कशाचा, हे त्याला कळतच नाही.

बर्लिनमध्ये 1904 च्या सुमारास हान्स नावाचा घोडा गणितं सोडवून टापांनी उत्तर देत असे. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं, की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स तेवढं टिपून थांबायचा. मालकालाही याचा पत्ता नव्हता! मग तुमच्या नवख्या पोऱ्याचा घाबरलेला हात घोड्याला कळणार नाही का? दोन पोरं ठेवलीत तर दोघांची खूण एकच ठेवा.

आणि हो, सुरुवातीचे काही महिने गिऱ्हाईक बसवू नका. तेवढ्या दिवसांचा चारा, खुराक, नाल आणि पोऱ्याचा पगार आजच भांडवलात धरा. बहुतेकांच्या हिशेबात हीच ओळ नसते.