देखावे पाहायला निघण्याआधी

पुण्यात गणपतीचे देखावे पाहायला पैसा पडत नाही. पाहुणे आले की जेवणं लवकर उरकून सगळे निघतात. घरच्यांना घेऊन इतकी वर्षं पेठांमधून हिंडल्यावर सांगते, खर्ची पडतो तो वेळ. पाहण्यात त्यातला थोडाच जातो. जातो तो उभं राहण्यात.

जिवंत देखावा जेमतेम १०-१५ मिनिटांचा. तो संपला की कलाकार दम घेतात, कार्यकर्ते गर्दी पुढे सरकवतात आणि पुढच्या प्रयोगाला बराच वेळ लागतो. आपण पोचतो ते नेमके अधेमधे. मग शेवट पाहायचा आणि सुरुवातीसाठी थांबायचं. असे चार देखावे केले की रात्र सरते, मंडई ते शनिपार एवढ्याशा अंतरातली रेटारेटी वेगळीच. तिकीट काढलेलं नाटक पडदा पडला की संपतं. इथे ‘आलोच आहोत तर अजून एक’ म्हणत कुणी आवरतं घेत नाही.

आणि हा वेळ आपल्या एकटीचा नसतो. मध्यवस्तीतले रस्ते संध्याकाळनंतर वाहनांना बंद असतात. एका वर्षी परतताना सासूबाईंना डेक्कनपर्यंत चालत आणावं लागलं. दुसरा दिवस त्यांनी अंथरुणातच काढला. मुलांची झोप, सकाळची शाळा, स्वच्छतागृह शोधण्याची धावपळ, हे सगळं याच हिशेबात धरा.

म्हणून शक्यतो गौरी विसर्जनाआधी जा. नंतर बाहेरगावची गर्दी वाढते. मानाचे पाच गणपती सकाळी पाहा. कसब्यापासून केसरीवाड्यापर्यंत सगळे चालण्याच्या अंतरावर आहेत आणि सकाळी दर्शनही निवांत होतं. रात्रीसाठी दोनच मंडळं ठरवा, पोचल्याबरोबर पुढचा प्रयोग कधी ते कार्यकर्त्यांना विचारा. सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठ ही मेट्रो स्थानकं सुरू झाल्यामुळे ज्येष्ठांची मोठी सोय झाली आहे, मात्र शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा.

विसर्जन मिरवणुकीचं तर आधीच ठरवून घ्या. २०२२ साली ती ३१ तास चालली होती. दुपारी लक्ष्मी रस्त्यावर मानाचे गणपती आणि त्यांच्यापुढची ढोल-ताशा पथकं मनसोक्त पाहा, मग निघा. मूल कडेवर असेल तर अलका चौक टाळा. मिरवणुकीचे सगळे रस्ते तिथेच येऊन मिळतात, आणि एकदा आत सापडलं की बाहेर पडायला वाट मिळत नाही.